अकरा रुपयांची बाकी

फॉर्मवर एक रकाना होता :
विवाह लावणाऱ्या पुरोहिताचे नाव, पत्ता, सही.
आई म्हणाली, ते वारले.
कारकून म्हणाला, मग त्यांचा मुलगा?
आई म्हणाली, तोही.
कारकुनानं पेनला टोपण लावलं.

बाबांच्या पेन्शनपायी आलो होतो.
एकेचाळीस वर्षं संसार, आणि फंडाच्या ऑफिसात कुणी तरी विचारलं,
"ह्या तुमच्या पत्नी, कशावरून?"
यंत्रमागानं बाबांचे कान अर्धे नेलेत.
ते हसले. त्यांना वाटलं, चहाचं विचारतायत.

साखर पेठेतल्या त्या लग्नाचा फोटो नाही.
तेलुगूत छापलेली पिवळी पत्रिका होती,
तिच्यात कुणी तरी तंबाखू बांधून नेली.
राहिले गळ्यातले पुस्ते,
आणि डोक्यावर दाबलेल्या जिरं-गुळाचा चिकटपणा.
"तीन वेळा केस धुतले, गेला नाही," आई अजून सांगते.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

आई विड्या वळते. रोज हजार.
हजार वेळा दोरा, हजार वेळा गाठ.
चेकर मूठभर छाटात टाकतो, ती बोलत नाही.
त्या दिवशी जिन्यात बोलली :
"आज माझीच गाठ छाटात टाकली गं त्यानं."

मी गप्प.
सात वर्षांपूर्वी दुसऱ्या एका कचेरीत
माझं आणि फय्याजचं नाव तीस दिवस फळ्यावर होतं,
कुणाची हरकत असेल तर कळवावी.
आईची होती. तिनं तिथं कळवली नाही,
चुलीपाशी बसून कळवली :
"अक्षता नाहीत, वाजंत्री नाही, देव नाही.
सही करून तर माणसं गॅसची टाकी घेतात."

आता तिच्याकडे देव होता, कागद नव्हता.
माझा कागद कपाटात, लॅमिनेट केलेला.
मला सूड आल्यासारखं वाटलं का?
वाटलं. जिन्याच्या दोन पायऱ्या.

"सिद्धेश्वराचं लग्न दर संक्रांतीला लागतं,"
ती पुन्हा आत जाऊन कारकुनाला म्हणाली,
"गावभर माणूस अक्षता टाकतं. त्याची नोंद दाखव."
कारकून सोलापूरचाच. आधी हात कपाळाला लावला,
मग म्हणाला, "मावशी, देवाला पेन्शन लागत नाही.
तीन साक्षीदार आणा. लग्नात हजर असलेले.
आणि जिवंत."

मामा सापडला. आत्या भिवंडीहून आली, गुडघे धरत.
तिसरा मिळेना.
कोण जेवून गेलं होतं ते आठवत होतं,
पण जेवून गेलेले सगळेच पुढं गेले होते.

फय्याजनं स्कूटर काढली.
चार दिवस जोडबसवण्णा चौकापासून विडी घरकुलापर्यंत विचारत फिरला,
आणि एका पत्र्याच्या खोलीत त्याला भीमण्णा भेटला,
सनईवाला, तोंडात दात नाही, छातीत वारा नाही.
"मल्लेशम येमूल? आठवतो की.
बिदागीचे अकरा रुपये बाकी आहेत त्याच्याकडं."
मग वार सांगितला, साल सांगितलं,
मांडवाचा पत्रा उडाला तेही.
ज्यांनी पैसे चुकते केले, त्यांतलं एक लग्न ध्यानात नाही म्हणाला.

महापालिकेला आमच्याकडे इंद्रभुवन म्हणतात.
त्या इंद्रभुवनात भीमण्णानं अंगठा उठवला.
बाबांनी दहाची नोट काढली, वर एक रुपया.
त्यानं हात मागं घेतला :
"फिटलं तर मी कशाचा साक्षीदार?"

प्रमाणपत्रावर नरसूबाईचं नर्सबाई झालं.
ते दुरुस्त व्हायला अजून तीन खेपा.
आईनं ते विडी कार्डाच्या डब्यात ठेवलं,
डबा फडताळावर, देवाच्या शेजारी नाही, खालच्या फळीवर.

रात्री सूप मांडीवर घेऊन तिनं विचारलं,
"तुझ्या कागदावर सह्या कुणाकुणाच्या?"
मी तीन नावं सांगितली. एक पुण्याला गेलाय, फोन उचलत नाही.
"कुणाचं काही देणं?"
नाही, म्हटलं. सगळं चुकतं केलेलं.

ती पान कापत राहिली.
पाच-सहा विड्या झाल्यावर, वर न बघता :
"त्याला जेवायला थांबव.
चार दिवस स्कूटर फिरवली पोरानं,
पेट्रोलचं द्यायचं राहिलंय."
मी पैसे काढायला उठले.
"बस खाली," आई म्हणाली.
"राहू दे बाकी."